टंकांची नावे आणि माणसांची नावे

अपत्याचे नाव ठेवताना आईवडील देवादिकांकडे वळतात, पूर्वजांकडे वळतात, नद्या, फुले, रागरागिण्या यांच्याकडे वळतात. मुद्रण आणि अक्षररचना यांच्या व्यवसायात आयुष्य घालवणारी काही मंडळी मात्र याच कामासाठी टंकांच्या यादीकडे वळतात. टंक म्हणजे बोलीत ज्याला आपण फाँट म्हणतो तो, एकाच वळणाच्या अक्षरांचा संपूर्ण संच. ‘जॉर्जिया’, ‘व्हर्डाना’, ‘कॅम्ब्रिया’ ही नावे पाश्चात्त्य देशांत मुलींना शोभून जातात. ‘बोडोनी’ किंवा ‘हेल्व्हेटिका’ अशी हाक मांजराला किंवा कुत्र्याला मारली जाते. प्रथमदर्शनी ही निव्वळ हौस वाटते. तथापि टंकांच्या नावांचा इतिहास पाहिला तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक नावे मुळात माणसांचीच आहेत. कुणाच्या मुलीचे, कुणाच्या पत्नीचे, कुणा कारागिराचे नाव अक्षरांनी उसने घेतले आणि शेदोनशे वर्षे सांभाळले. मुलाला टंकाचे नाव देणे म्हणजे ते उसने परत करणे होय. मात्र परत करण्यापूर्वी ते मुळात कुणाचे होते, याची चौकशी केलेली बरी.

टंकाला नाव का लागते?

छपाईच्या पहिल्या काही शतकांत टंकाला आजच्या अर्थाने स्वतंत्र नाव नसे. छापखान्यात खिळे ओळखले जात ते त्यांच्या आकारमानावरून. आपल्याकडील जुन्या जुळाऱ्यांच्या तोंडी असलेले ‘पायका’, ‘ग्रेट प्रायमर’ हे शब्द त्याच परंपरेतले. इंग्लंडमध्ये बारीक आकारांना रत्नांची नावे होती. साडेचार पॉइंटाचा ‘डायमंड’, पाच पॉइंटाचा ‘पर्ल’, साडेपाच पॉइंटाचा ‘रुबी’ आणि साडेसहा पॉइंटाचा ‘एमरल्ड’. यांतील ‘रुबी’ तर जपानपर्यंत पोचला. तेथे चित्रलिपीच्या शेजारी उच्चार दाखवण्यासाठी जी बारीक अक्षरे छापतात, त्यांना या खिळ्यावरूनच ‘रुबी’ असे म्हणू लागले आणि संगणकाच्या परिभाषेतही तोच शब्द कायम झाला. रुबी, पर्ल ही इंग्रज घरांतील मुलींची नावे. त्यांचा अर्थ माणिक आणि मोती. आपल्या अंगणातला मोत्या हा ‘पर्ल’चा असा दूरचा नामबंधू ठरतो.

एकाच आकारमानात निरनिराळ्या वळणांचे खिळे मिळू लागले, ओतशाळांमध्ये स्पर्धा सुरू झाली, तेव्हा केवळ आकारमान सांगून भागेना. मालाला नाव हवे झाले. त्यात कायद्याची भर पडली. अमेरिकेत अक्षरांच्या वळणाला, म्हणजे टंकाच्या आकृतीला, स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही; संगणकीय आज्ञावली म्हणून ते मिळू शकते आणि नावाला व्यापारचिन्ह म्हणून मिळते. त्यामुळे आकृतीची नक्कल करणारा तिला दुसरे नाव देतो आणि मूळ निर्माता नाव घट्ट धरून ठेवतो. टंकाच्या नावाला एवढे महत्त्व येण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘हेल्व्हेटिका’चे. स्वित्झर्लंडमधील हास ओतशाळेत एदुआर्द होफमन यांच्या मार्गदर्शनाखाली माक्स मीडिंगर यांनी १९५७ साली हा टंक रेखाटला, तेव्हा त्याचे नाव ‘नॉये हास ग्रोटेस्क’ असे होते. परदेशी ग्राहकांच्या जिभेवर ते रुळणे कठीण म्हणून १९६० मध्ये नवे नाव शोधण्यात आले. देशाचे लॅटिन नाव ‘हेल्व्हेशिया’ सुचले. पण देशाचे नाव जसेच्या तसे टंकाला देणे होफमन यांना प्रशस्त वाटेना, शिवाय ते नाव शिलाईयंत्राला आणि विमा कंपनीला आधीच मिळालेले होते. म्हणून त्याचे विशेषण घेतले, ‘हेल्व्हेटिका’, म्हणजे ‘स्विस’. आज कुणी आपल्या मांजरीला या नावाने हाक मारतो, तेव्हा तो नकळत तिला ‘स्वित्झर्लंडवाली’ म्हणत असतो.

मुलीवरून, पत्नीवरून

घरातल्या माणसाचे नाव टंकाला देण्याची प्रथा चांगली रुजलेली आहे. ‘व्हर्डाना’ हे त्याचे आपल्या सर्वांच्या संगणकात पोचलेले उदाहरण. मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी रेखाटलेला हा टंक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर बारीक आकारातही वाचता यावे, हा त्यामागचा हेतू. या प्रकल्पाला चालना देणाऱ्या व्हर्जिनिया हौलेट यांच्या थोरल्या मुलीचे नाव ‘आना’. हिरवेगार या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘व्हर्डंट’ आणि ‘आना’ यांच्या जोडणीतून ‘व्हर्डाना’ तयार झाले. तेव्हा एखाद्या मुलीचे नाव व्हर्डाना ठेवले, तर त्या नावाच्या पोटात आणखी एक मुलगी आधीच बसलेली आहे.

अमेरिकन टंककार फ्रेडरिक गाउडी यांनी शंभराहून अधिक टंक केले. त्यांच्या पत्नी बर्था या केवळ गृहिणी नव्हत्या. ‘व्हिलेज प्रेस’ या त्यांच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम त्या स्वतः करीत. १९३५ साली बर्था निवर्तल्या. पुढच्याच वर्षी गाउडी यांनी शंभरावा टंक पूर्ण केला, तेव्हा ‘बर्था एम.’ या सहीतली अक्षरे एकत्र करून त्याचे नाव ‘बर्थम’ ठेवले. वॉरन चॅपेल यांचा १९३८ चा ‘लिडियन’ हादेखील त्यांच्या पत्नीच्या, लिडियाच्या, नावावरून आला आहे.

‘मिसेस ईव्ह्ज’ या टंकाचे नाव मात्र निर्मात्याच्या घरातले नाही. बर्मिंगहॅमचे जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) हे अठराव्या शतकातील नामांकित मुद्रक आणि टंककार. सेरा ईव्ह्ज या त्यांच्याकडे घर सांभाळण्यासाठी मुलांसह आल्या. पती त्यांना सोडून गेला होता. पुढे त्या बास्करव्हिल यांच्या जीवनसाथी झाल्या, छपाईच्या कामातही हातभार लावू लागल्या. परंतु पती हयात असल्याने विवाह करता येईना. पतीच्या निधनानंतर १७६४ मध्ये त्यांचा विवाह झाला. बास्करव्हिल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खिळ्यांची व्यवस्था सेरा यांनीच पाहिली आणि अखेर ते फ्रेंच नाटककार बोमार्शे यांना विकले. व्हॉल्तेरच्या समग्र ग्रंथांच्या छपाईसाठी ते वापरले गेले. एवढे असूनही इतिहासात नाव राहिले ते केवळ बास्करव्हिल यांचे. १९९६ मध्ये झुझाना लिचको यांनी बास्करव्हिल यांच्या अक्षरांचा नवा अवतार घडवला, तेव्हा त्यांनी जाणूनबुजून त्याला सेरा यांचे नाव दिले. तेही विवाहापूर्वीच्या, लोकनिंदेच्या काळातले. सव्वादोनशे वर्षांनंतर एका विस्मृत स्त्रीचे नाव पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर येऊन बसले.

आडनाव नाकारले, नाव उरले

नावाचा प्रश्न जिवावरचा कसा होऊ शकतो, हे ‘एलिझाबेथ’ या टंकाच्या कहाणीवरून कळते. बर्लिनमध्ये १९०३ साली जन्मलेल्या एलिझाबेथ फ्रीडलेंडर या सुलेखनकर्त्रीचे काम पाहून फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने १९२७ मध्ये त्यांना टंक रेखाटण्यास सांगितले. एका स्त्रीला असे काम मिळणे त्या काळी दुर्मिळ होते. टंकाला त्याच्या कर्त्याचे आडनाव द्यावे, हा तिथला रिवाज. त्यानुसार हा टंक ‘फ्रीडलेंडर’ या नावाने यायचा होता. परंतु काम पूर्ण होईपर्यंत हिटलर सत्तेवर आला आणि फ्रीडलेंडर हे आडनाव उघडच ज्यू होते. ओतशाळेने आडनाव गाळले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस तो टंक ‘एलिझाबेथ’ या नावाने बाजारात आला.

स्वतः एलिझाबेथ यांना ज्यू म्हणून व्यवसाय करण्यास मनाई झाली. त्या १९३६ मध्ये इटलीला गेल्या. तेथेही वंशभेदाचे कायदे झाल्यावर १९३९ मध्ये घरकाम करणारी मोलकरीण म्हणून मिळालेल्या परवान्यावर इंग्लंडमध्ये पोचल्या. अक्षरांवर असामान्य हुकमत असलेली ही स्त्री काही काळ परक्या घरची झाडलोट करीत होती. युद्धकाळात ब्रिटिशांच्या गुप्त प्रचारविभागाने त्यांचे कौशल्य ओळखले आणि जर्मन सैन्याचे बनावट शिक्के तयार करण्याच्या कामी ते वापरले. युद्धानंतर पेंग्विन प्रकाशनासाठी त्यांनी केलेल्या नक्षीदार वेष्टनकागदांनी नाव मिळवले. १९८४ साली आयर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. एलिझाबेथ हे नाव जगात लाखो मुलींचे आहे. या टंकावरून ते ठेवणाऱ्याने त्यामागे झाकलेले आडनाव आपल्या मुलीला जरूर सांगावे.

नाव एकाचे, अक्षर दुसऱ्याचे

टंकाचे नाव हा काही जन्माचा दाखला नव्हे. सोळाव्या शतकातील फ्रेंच ठसेकार क्लोद गॅरामाँ (मृत्यू १५६१) यांच्या नावाने विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक टंक निघाले आणि लोकप्रिय झाले. परंतु त्यांतील कित्येकांचा आधार असलेले खिळे गॅरामाँ यांचे नव्हतेच. ते त्यांच्या पश्चात अनेक दशकांनी झालेल्या जाँ जानों यांचे होते. हा घोळ १९२६ मध्ये ‘द फ्ल्यूरॉन’ या नियतकालिकात पॉल बोझों या विद्वानाने पुराव्यानिशी उघड केला. गंमत अशी की, पॉल बोझों या नावाचा कुणी पुरुष नव्हता. ते बिएट्रिस वॉर्ड या अमेरिकन अभ्यासक स्त्रीचे टोपणनाव होते. टंकशास्त्रात स्त्रीचे म्हणणे गंभीरपणे घेतले जाणार नाही, अशी तेव्हाची परिस्थिती होती. म्हणजे जानों यांच्या अक्षरांना गॅरामाँ यांचे नाव, आणि ते सिद्ध करणाऱ्या बाईंना पुरुषाचे.

याहून अवघड प्रश्न एरिक गिल (१८८२–१९४०) यांच्या टंकांनी उभा केला आहे. ‘गिल सॅन्स’मुळे सर्वत्र ठाऊक असलेल्या या इंग्रज शिल्पकाराने १९३० च्या सुमारास ‘जोआना’ हा टंक केला. जावई रेने हेग यांच्यासह ते जो छापखाना चालवत, त्याच्यासाठी तो होता आणि नाव होते धाकटी मुलगी जोन हिच्यावरून. त्यांच्या ‘पर्पेच्युआ’ला इसवी सन २०३ मध्ये कार्थेज येथे धर्मासाठी मरण पत्करलेल्या तरुण मातेचे नाव आहे आणि त्याच्या तिरक्या अक्षरांना तिच्याबरोबर बळी गेलेल्या फेलिसिटी या दासीचे. घर, भक्ती आणि कारागिरी यांचा संगम म्हणून ही नावे अनेक वर्षे वाखाणली गेली. १९८९ मध्ये फिओना मॅकार्थी यांनी लिहिलेले गिल यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यांच्याच रोजनिशांच्या आधारे असे उघड झाले की, आपल्या दोन थोरल्या मुलींचे त्यांनी लैंगिक शोषण केले होते. तेव्हापासून गिल यांची अक्षरे वापरावीत की नाही, यावर वाद चालू आहे. अक्षरांचे सौंदर्य त्यामुळे कमी होत नाही, असे म्हणणारे आहेत. पण ‘बापाने लेकीचे नाव अक्षरांना दिले’ हे वाक्य आता पूर्वीच्या भाबडेपणाने उच्चारता येत नाही. नाव सुंदर आहे म्हणून ते उचलण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका का पाहावी, याला याहून स्पष्ट उदाहरण नाही.

टंकांवरून मुलांची नावे

टंकांवरून घेता येण्याजोग्या नावांचे ढोबळपणे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मुळात व्यक्तिनामे असलेल्यांचा : जोआना, एलिझाबेथ, जॉर्जिया. यांतील जॉर्जिया हे कार्टर यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टंकाचे नाव एका सवंग वृत्तपत्राच्या मथळ्यावरून आले. जॉर्जिया राज्यात परग्रहवासीयांची डोकी सापडली, असा तो मथळा होता. मुलीचे नाव म्हणून जॉर्जिया त्याच्या कितीतरी आधीपासून प्रचलित आहे. त्यामुळे या वर्गातील नाव टंकावरून आले की आजीवरून, हे नोंदवहीवरून कधीच सांगता येत नाही. दुसरा वर्ग आडनावांचा : कॅसलन, बास्करव्हिल, बोडोनी. इंग्रजीभाषक समाजात आडनावांची नावे करण्याची पद्धत असल्याने ही मुलग्यांना चालून जातात. तिसरा वर्ग घडवलेल्या किंवा स्थलनामांवरून आलेल्या शब्दांचा : व्हर्डाना, हेल्व्हेटिका, कॅम्ब्रिया, टाहोमा. यांतील कॅम्ब्रिया हे वेल्सचे लॅटिन नाव, तर टाहोमा हे अमेरिकेतील माउंट रेनियर या पर्वताचे मूळ रहिवाशांमधले नाव.

अशा नावांना कायद्याची आडकाठी देशपरत्वे कमीअधिक असते. जर्मनीत नाव मुलाच्या हिताला बाधक वाटल्यास निबंधक ते नाकारू शकतो. डेन्मार्कमध्ये मान्य नावांची यादी आहे आणि तिच्याबाहेरच्या नावासाठी परवानगी काढावी लागते. आइसलंडमध्ये यासाठी स्वतंत्र समिती आहे. भारतात जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ अन्वये नावाशिवायही जन्माची नोंद होते. बारा महिन्यांपर्यंत शुल्काविना आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते. मान्य नावांची यादी आपल्याकडे नाही. टंकाचे नाव व्यापारचिन्ह असले तरी ते मुलाला ठेवण्याने कुणाच्या हक्काचा भंग होत नाही. हा हक्क मालाच्या विक्रीपुरता असतो.

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत तर कुठलेच बंधन नाही. त्यामुळे हौस तेथे मोकळेपणाने फुलते. कुत्र्यासाठी ‘बास्करव्हिल’ हे नाव दुहेरी शोभते. कॉनन डॉइल यांच्या १९०१–०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या कादंबरीत बास्करव्हिल घराण्यामागे लागलेला तो भयंकर कुत्रा आहे. आणि त्याच कादंबरीत होम्स कापलेल्या शब्दांचे पत्र पाहून ते ‘टाइम्स’मधील खिळे आहेत, हे क्षणात ओळखतो. कुत्रा आणि टंक यांची सांगड साहित्यानेच घालून ठेवली आहे. उलट दिशेचे उदाहरण ‘कॉमिक सॅन्स’चे. मायक्रोसॉफ्टच्या ‘बॉब’ या आज्ञावलीत रोव्हर नावाचा एक चित्रातला कुत्रा वापरकर्त्याशी बोलत असे. त्याचे बोलणे ‘टाइम्स न्यू रोमन’मध्ये उमटलेले पाहून व्हिन्सेंट कॉनेर यांना ते विसंगत वाटले, कुत्र्याच्या तोंडी शोभेल असे अक्षर म्हणून त्यांनी १९९४ मध्ये ‘कॉमिक सॅन्स’ रेखाटले. ‘बॉब’मध्ये ते वेळेत बसले नाही, पण पुढे ते सर्व जगभर पसरले. टंकाचे नाव कुत्र्याला मिळण्याऐवजी येथे कुत्र्यामुळेच टंक जन्माला आला.

देवनागरीचे घरगुती गोत

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेत नाव आणि अक्षर यांचा संबंध फार जुना आहे. नावरस काढताना अवकहडा चक्रात जन्मनक्षत्राच्या चरणाचे अक्षर पाहिले जाते. अश्विनी नक्षत्राच्या चार चरणांना चू, चे, चो, ला. म्हणजे आधी अक्षर आणि मग नाव. छंदांची नावे तर सरळ घरात आली आहेत : मालिनी, हरिणी, आर्या, पृथ्वी ही वृत्तेही आहेत आणि मुलीही. ओवी हे नाव आज कुणाला नवलाचे वाटत नाही. जिथे वृत्ताचे नाव मुलीला चालते, तिथे टंकाचे न चालण्याला तत्त्वतः कारण नाही.

शिवाय देवनागरी आणि अन्य भारतीय लिप्यांचे टंक पाहिले तर ती नावांची यादी नसून एखाद्या चाळीतल्या कुटुंबांची यादी वाटते. विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि तमिळसाठी ‘लता’ हे टंक आले. पुढे तेलुगूसाठी ‘गौतमी’, गुजरातीसाठी ‘श्रुती’, कन्नडसाठी ‘तुंगा’, गुरुमुखीसाठी ‘रावी’, बंगालीसाठी ‘वृंदा’, मल्याळमसाठी ‘कार्तिका’ यांची भर पडली. त्यानंतरच्या काळात ‘अपराजिता’, ‘कोकिळा’, ‘वाणी’, ‘विजया’ आल्या आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर अनेक भारतीय लिप्यांना सामावणारी ‘निर्मला’ आली. गौतमी, तुंगा, रावी या त्या त्या प्रदेशातल्या नद्या, वृंदा म्हणजे तुळस. हे शब्द सर्वच व्यक्तिनामे म्हणून योजले गेले, असे नव्हे. परंतु मराठी कानाला मंगल ही मावशी वाटते, लता ही आत्या आणि निर्मला ही शेजारच्या बिऱ्हाडातली काकू. पुण्याच्या सी-डॅकच्या टंकांत योगेश, गणेश, ध्रुव हे पुरुष मंडळींतले. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर वाचण्यासाठी टंक उतरवून घ्यावा लागे आणि तो नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटे. ‘तुमच्याकडे योगेश आहे का?’ किंवा ‘शिवाजी पाठवून द्या’ अशी वाक्ये त्या काळात कार्यालयांतून सहज कानांवर पडत.

नातीगोती टंकांच्या नावांत उघडपणे आणली ती मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने. तिच्या ‘बालू’ या गुबगुबीत टंकाला जंगलबुकातल्या अस्वलाचे नाव आहे. निरनिराळ्या भारतीय लिप्यांतील त्याच्या आवृत्त्यांना त्या त्या भाषेतील भाऊ या अर्थाचे किंवा तशा आपुलकीचे संबोधन जोडलेले होते : गुजरातीत ‘बालू भाई’, गुरुमुखीत ‘बालू पाजी’, बंगालीत ‘बालू दा’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’, मल्याळममध्ये ‘बालू चेट्टन’, उर्दूत ‘बालू भाईजान’. केंब्रिज विद्यापीठासाठी मुंबईत तयार झालेल्या दोन संस्कृतोपयोगी टंकांची नावे ‘नकुल’ आणि ‘सहदेव’ अशी आहेत. जुळ्या टंकांना जुळ्या भावांची नावे. जुळ्यांच्या आईवडिलांनी ती घेतली तर टंक आणि महाभारत दोन्ही साधतील.

या आपलेपणाला एक उणी बाजूही आहे. पाश्चात्त्य टंकांना कर्त्यांची आडनावे मिळाली, म्हणून कॅसलन, बोडोनी, गॅरामाँ हे कारागीर शतकांनंतरही रोज उच्चारले जातात. आपल्या टंकांची नावे प्रेमळ, पण निनावी. १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी अक्षरे देशभर नावाजली गेली. त्यांचे ठसे कापणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव मुद्रणाच्या अभ्यासकांखेरीज किती जणांना ठाऊक आहे? ‘मंगल’ आपण वर्षानुवर्षे वापरला. पण तो रेखाटणारे कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे नाव त्याच्याबरोबर आपल्या ओठांवर आले नाही. जोशी यांच्या ‘रघु’ या टंकात त्यांच्या रघुनाथ या नावाचा अंश आहे, एवढेच समाधान.

नाव निवडताना

हौस करावयाचीच असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कानाची. परभाषेतले गोड नाव मराठीत भलतेच ऐकू येऊ शकते. ‘बोडोनी’ ऐकून आपल्याकडे कुणालाही बोडणे आठवेल. ‘टाहोमा’ म्हटले की तान्हे बाळ टाहो फोडतानाच डोळ्यांपुढे येईल. ‘एरिअल’ म्हणजे छपरावरची दूरदर्शनची काठी आणि ‘कुरिअर’ म्हणजे दारात उभा असलेला पार्सलवाला. प्राण्याला हे चालेल. शाळेत जाणाऱ्या मुलाला त्याचा जाच होईल. हाक मारायला नाव दोन-तीन अक्षरी असावे, हा जुना संकेत कुत्र्या-मांजरांनाही लागू आहे.

दुसरी गोष्ट, काळाची. टंकांची चलती अल्पजीवी असते. ‘कॅलिब्री’ २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन आज्ञावलींचा मूलभूत टंक झाला आणि २०२३ मध्ये त्याची जागा ‘ऍप्टोस’ने घेतली. सोळा वर्षे म्हणजे एक मूल दहावी होण्याचा काळ. ज्या टंकाच्या मागे चारशे वर्षांचा इतिहास आहे, त्याचे नाव कालबाह्य होण्याची भीती नाही. जो कालपरवा संगणकाबरोबर फुकट आला, त्याचे काही सांगता येत नाही.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, नावामागच्या माणसाची. मूल मोठे होते आणि एके दिवशी ‘माझे नाव हे का?’ असे विचारते. ‘आम्हाला ते अक्षर आवडत असे’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. बर्था गाउडी यांनी खिळे जुळवले, सेरा ईव्ह्ज यांनी लोकनिंदा सोसून छापखाना सांभाळला, एलिझाबेथ फ्रीडलेंडर यांना स्वतःच्याच अक्षरांवरून आडनाव पुसले गेलेले पाहावे लागले, हे ज्याला सांगता येईल त्याचे उत्तर पुरेसे होईल. आणि मराठी घरात एखाद्या रघूला, तुझ्या नावाचा एक टंक आहे आणि तो एका मराठी कवीने केला, असे सांगता आले, तर त्या अक्षरांना कर्त्याचे नाव मिळण्याची सुरुवात घराघरांतूनही होऊ शकेल.